बशी पालथी घालायची राहिली

आमच्या नणंदबाईंना दिवसा दिवे लावायचे होते. हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्यानं जो विनोद करायचा तो लगेच करून घेतला आणि तो कामावर निघून गेला, त्यामुळे मी तो पुन्हा करत नाही.

गोष्ट तशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ताईंची गाडी अठरा वर्षांची, रंगानं राखाडी. रस्ता राखाडी, ढगाळ दिवशी आभाळही राखाडी, आणि त्यातून ही राखाडी गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. मागच्या महिन्यात बाजूच्या रस्त्यावरून एक ट्रक सरळ त्यांच्या अंगावर आला आणि हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "बाई, खरंच सांगतो, तुमची गाडी दिसलीच नाही." ताईंनी त्याला तिथल्या तिथे अर्धा तास फैलावर घेतलं. मग घरी जाऊन दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

"नव्या गाड्यांना पुढे ते दिवसा लागणारे पांढरे दिवे असतात ना, तसे माझ्या गाडीला बसवून दे," त्यांनी मला फोनवर सांगितलं. 'देशील का' नाही. 'दे'.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. घराखालीच दुकान आहे, एका शटरचं. दुकान मूळ सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बॅटरीची ठिणगी बघूनच घाम फुटतो. तो कचेरीत फायली हलवतो आणि त्यातच सुखी आहे. मी सून म्हणून या घरात आले, अण्णांना दुपारचा चहा द्यायला दुकानात उतरायला लागले, उभ्या उभ्या बघायला लागले, आणि एक दिवस त्यांनी माझ्या हातात पक्कड दिली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

अण्णांची एक पद्धत होती, ती मी अजून पाळते. बाकावर एक जुनी, कड उडालेली चिनीमातीची बशी असते. गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू, स्क्रू असो, नट असो की नखाएवढी क्लिप, त्या बशीत जाते. काम संपलं की गिऱ्हाइकाच्या देखत बशी बाकावर पालथी घालायची. खाली काही पडलं नाही, तरच गाडी हलवायची. अण्णा तरुणपणी दुसऱ्याच्या गॅरेजात होते, तेव्हा एका गाडीचा एक नट त्यांच्या खिशात राहिला होता आणि ती गाडी पुढे रस्त्यात जळाली. माणसं वाचली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. बशीबद्दल मात्र रोज सांगायचे. "गिऱ्हाइकाला आपलं काम कळत नाही, ग. बशी कळते." आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दुकानात येतात ते नुसते बसायला. पण बॉनेट लागल्याचा आवाज आला, की झोपेत असले तरी विचारतात, "बशी पालथी घातली का?"

ताई लहान असताना त्यांचं काम होतं मोजायचं. शाळेतून आल्या की दुकानातल्या स्टुलावर बसायच्या, अण्णा एकेक वस्तू बशीत टाकायचे आणि ताई मोठ्यानं आकडा म्हणायच्या. हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं, आणि त्यानंतर साधारण वर्षाला बारा वेळा.

तर त्या दिवशी सकाळी आठला ताई गाडी घेऊन हजर. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालं होतं, बारा वाजता चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. तेवढ्या वेळात दिवे बसवून घ्यायचे आणि मग बापलेकीनं निघायचं, असं ठरलं होतं. अण्णा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले. ताई स्टुलावर बसल्या. तोच स्टूल. आम्ही दोघी एकत्र आलो की अण्णा कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात, तसं त्यांनी ठेवलं.

मी आधी बॅटरीचा नट काढून बशीत टाकला.

"एक," ताई म्हणाल्या.

मग पुढच्या जाळीचे चार स्क्रू. दोन, तीन, चार, पाच. दोन प्लास्टिकच्या क्लिपा. सहा, सात. प्रत्येक आकड्याला माझ्या मानेवर कोणी टिचकी मारतंय असं मला वाटत होतं. बशीत किती पडलं ते मला दिसत होतं की!

जुन्या गाडीच्या वायरींत प्रत्येक मालकानं आपला मेकॅनिक आणि प्रत्येक मेकॅनिकनं आपली अक्कल घातलेली असते. लाल वायर कुठे संपते आणि तपकिरी कुठे सुरू होते हे त्या गाडीच्या जन्मदात्यालाही सांगता आलं नसतं. मी दिव्यांच्या दोन पट्ट्या जाळीत घट्ट बसवल्या. वायरी रेडिएटरच्या कडेनं नेल्या. तिथल्या पत्र्याला धार होती, म्हणून त्यांच्यावर रबरी नळी चढवली. बॉडीचा गंज पत्रा चमकेपर्यंत खरवडून तिथे काळी वायर आवळली. मोठे दिवे लावले की हे विझावेत म्हणून एक वायर तिकडे जोडली. बॅटरी परत जोडली, चाचणीचा दिवा घेऊन किल्ली फिरवल्यावरच जागी होणारी वायर शोधली, तिथे जोड दिला. किल्ली फिरवली. दिवे लागले, आणि लुकलुकायला लागले.

"असेच असतात का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

मी जोड तपासले. गंज पुन्हा खरवडला. लुकलुक चालूच. शेवटी संशय फ्यूजच्या डबीवर आला. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत झाकणाची एक छोटी डबी असते, तिच्यात फ्यूज बसतो. मी नारिंगी फ्यूज उपसून बशीत टाकला.

"आठ."

त्याच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवला. दिवे एकदम स्थिर झाले, पांढरे शुभ्र. म्हणजे दोष डबीतल्या फ्यूज धरणाऱ्या पात्यांचा होता, त्या सैल झाल्या होत्या. पात्या पकडीनं दाबायच्या, तार काढायची, फ्यूज परत बसवायचा. दोन मिनिटांचं काम.

"आत तार कशाला घातलीस?" ताई म्हणाल्या.

"तपासायला."

"अण्णा कधी तार घालत नसत."

"अण्णांनी असले दिवे कधी बसवले नव्हते."

"ते काही असो. अण्णा असते तर त्यांनी–"

"अण्णा असते तर म्हणजे काय? अण्णा आहेत! ते काय समोर बसलेत!"

अण्णा आमच्याकडे बघून प्रेमानं हसले. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. आणि माझं डोकं फिरलं. सव्वीस वर्षं झाली मला या घरात येऊन. माझा चहा त्यांना पातळ वाटतो, मी घातलेली घडी त्या परत घालतात, आणि दुकानात, माझ्या दुकानात, माझ्या प्रत्येक स्क्रूवर त्यांचा पहारा. माझ्या तोंडाला लगाम नाही हे मला माहीत आहे. लोक सांगतातच.

"ताई," मी म्हटलं, "आता एक अक्षर जरी तोंडातून काढलंत ना, तर यापुढे तुमच्या गाडीला मी हात लावणार नाही. मोजायचंच असेल तर मनातल्या मनात मोजा."

ताईंचं तोंड मिटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं, की त्या तोऱ्यातच मी जाळी बसवली, स्क्रू पिळले, क्लिपा दाबल्या आणि बॉनेट दाणकन आपटलं.

"झालं. न्या."

अण्णांना गाडीत बसवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. गुडघे वाकत नाहीत. त्यांना बसवलं, काठी मागच्या सीटवर ठेवली. ताई त्यांच्या दाराशी क्षणभर उभ्या राहिल्या. आत बाकाकडे बघत होत्या. तोंड उघडलं आणि मिटलं.

"उशीर होतोय तुम्हाला," मी म्हटलं.

सव्वादहाला गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मी दुकान झाडलं. वायरींचे तुकडे उचलले. एका रिक्षावाल्याचा हॉर्न दुरुस्त करून दिला. मग कप भरून चहा घेतला, स्टुलावर बसले, जिंकल्यासारखा एक घोट घेतला आणि समोर बघितलं.

बशी सरळ होती.

पालथी नव्हती, सरळ होती. आणि तिच्या मधोमध नारिंगी फ्यूज.

पहिला विचार आला तो असा, की हा दुसरा असेल. मी उठून खोक्यातले फ्यूज मोजले, जसं काही मला खोक्यात किती होते ते माहीत होतं. मग हाताला आठवलं. डोक्याच्या आधी हातालाच आठवलं. डबीचं झाकण मी तारेवरच लावलं होतं. रागात. टक्.

फ्यूज नसला म्हणून गाडी लगेच पेटत नाही. हे मी स्वतःला तीनदा सांगितलं. वायर धड आहे तोवर काहीच होत नाही. पण जुन्या गाडीचा पत्रा जागोजागी धारेचा, आणि गाडी हादरणार. वायर घासली आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर फ्यूज आधी जळतो आणि वीज तुटते. तो असतोच तेवढ्यासाठी. तो नसला, की बॅटरी आपली सगळी ताकद त्या बारीक वायरीत ओतते. वायर लाल होते, वरचं प्लास्टिक पेटतं. आणि तिथून वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी. आणि आत अण्णा. दोन माणसं आणि पाच मिनिटं.

मी ताईंना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. गाडी चालवताना फोन डिकीत ठेवायचा हा अण्णांचा नियम, आणि अण्णांचे नियम ताई अशा पाळतात की डिकीतही तो पर्सच्या तळाशी असतो. मग मी अण्णांना फोन लावला. तो माझ्या पाठीमागे वाजायला लागला. खुर्चीवरच्या वर्तमानपत्राखाली राहिला होता.

नवऱ्याला लावला.

"अगं, इतकी वर्षं काम करतेस," तो म्हणाला, "काही होत नाही. तू उगाच डोक्यात–"

मी फोन ठेवला. हा माणूस वाईट नाही, पण संकटात त्याला फोन करणं म्हणजे उशीला टेकून धावण्यासारखं आहे.

पक्कड, टेप, फ्यूज. शटर अर्धं ओढलं, कुलूप लावलं नाही. अंगातला कामाचा डगलाही काढला नाही. फ्यूज मी आधी मुठीत धरला होता, तो डगल्याच्या खिशात टाकला, आणि स्कूटर चालू करून पहिल्या चौकात पोचेपर्यंत दोनदा चाचपून बघितला.

त्या निघून पस्तीस मिनिटं झाली होती. ताई तीसच्या वर जात नाहीत, म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर पुढे. माझी स्कूटर साठनं पळाली, तर दवाखान्याच्या आधी गाठता येतील की नाही, हा हिशेब मी दर दोन मिनिटांनी करत होते आणि दर वेळी वेगळं उत्तर येत होतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मी डोळे फाडून बघत होते. कोणी हात दाखवतंय का, कोणी 'पुढे जाऊ नका' म्हणतंय का. कोणी काही म्हणत नव्हतं. लोक आपापल्या गाड्यांत बसून निवांत चालले होते, आणि मला त्यांचा भयंकर राग येत होता.

मी देव मानत नाही, असं ज्याला त्याला ऐकवते. त्या रस्त्यावर मात्र मी कोणाशी तरी सौदा करत होते. यापुढे ओरडणार नाही. घडी परत घातली तर घालू देईन. चहा घट्ट करीन. आणि लाज वाटते सांगायला, पण त्याच वेळी डोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी एक थापही तयार करत होते. 'ताई, जाळीचा एक स्क्रू सैल राहिलाय असं वाटलं, म्हणून आले.' इतकंच म्हणायचं. बॉनेट उघडायचं, पाठ करून उभं राहायचं, दोन मिनिटांत फ्यूज बसवायचा. कोणाला कळणार? नाहीतर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणावळीत, 'आमच्या वहिनीनं अण्णांना कसं घालवलं असतं' ही गोष्ट. सासरा जळतोय की काय या भीतीनं मी स्कूटर पिळत होते, आणि तरी मी माझं नाक सांभाळायला बघत होते.

मग पुढे धूर दिसला.

रस्त्याच्या डाव्या अंगाला, काळा, सरळ वर जाणारा. मी वेग वाढवला की कमी केला मला आठवत नाही. जवळ गेले, तर रस्त्याचं काम करणारे लोक पिंपात डांबर तापवत होते. त्यातल्या एकानं माझ्याकडे बघून हात हलवला, आणि मी त्याला इतका वाईट शब्द वापरला की तो बिचारा हात वर धरूनच उभा राहिला.

तिथून थोडं पुढे एक गाडी बॉनेट उघडून कडेला, भोवती चार माणसं. मी ब्रेक दाबला. पांढरी होती. टायरवाल्याची वाट बघत होते.

घड्याळ बघायचं मी सोडून दिलं होतं. रेल्वे फाटकाच्या अलीकडे गाड्यांची रांग दिसली. फाटक बंद होतं. मी रांगेच्या कडेनं स्कूटर घातली, दोन आरसे ओझरते लागले, कोणीतरी ओरडलं, आणि फाटकापासून सहावी गाडी राखाडी होती.

धूर नव्हता. वास नव्हता. चारही काचा पूर्ण खाली होत्या, एवढं मला दिसलं. धुळीनं शिंका येतात म्हणून ताई उन्हाळ्यातही काच बोटभर उघडत नाहीत. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी स्कूटर पुढे नेऊन आडवी लावली. ताईंनी इंजिन चालूच ठेवलं होतं, त्यामुळे माझे दोन दिवे समोर जळत होते. सुरेख दिसत होते. मैलभर लांबून दिसले असते.

"गाडी बंद करा," मी म्हटलं. "बॉनेटची कळ ओढा."

ताईंनी काही विचारलं नाही. इंजिन बंद केलं, कळ ओढली. शेजारी अण्णा, कानात यंत्र लावलेलं, काळा चष्मा माझ्या दिशेला. "ही इथे कशी?" ते ताईंना म्हणाले.

मी बॉनेट उघडून हात आत घातला. डबी कोमट होती, इंजिनच्या उबेनं असेल तेवढीच. झाकण उघडलं, तारेचा तुकडा ओढून काढला. मग वायरीवरून बोट फिरवत रेडिएटरच्या कडेपर्यंत गेले. रबरी नळी दोन बोटं सरकली होती. धारेवर वायर उघडी पडली होती आणि तिच्या प्लास्टिकवर एक पांढरट ओरखडा उठला होता, नखाएवढा. तांबं दिसत नव्हतं. पण दवाखान्यापर्यंत अजून दहा किलोमीटर रस्ता बाकी होता, आणि मग सगळा परतीचा.

मी बंपरला धरून उभी राहिले. मग ओरखड्यावर टेप गुंडाळला, नळी परत ओढून घट्ट बांधली, डबीतल्या पात्या पकडीनं दाबल्या. ताई गाडीतून उतरून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. आता ती थाप. सैल स्क्रू. तयारच होती, नुसती जिभेवरून सोडायची. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि माझ्याच्यानं ते झालं नाही.

"ताई, फ्यूज बसवायचा राहिला होता. तार तशीच ठेवून मी डबी बंद केली. चूक माझी. काहीही झालं असतं."

मी वाट बघत राहिले. बोला आता. सव्वीस वर्षांचा साठा एकदम बाहेर येऊ दे.

"माहितीये," ताई हळूच म्हणाल्या.

"काय माहितीये?"

"बशीत आठ गेले, बाहेर सात आले. मी मोजलं होतं. मनातल्या मनात."

मी हातातली पक्कड खिशात टाकली.

"तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही अण्णांना घेऊन तशाच निघालात?"

"तू म्हणालीस ना, एक अक्षर काढू नका." त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. भांडणाचा असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तुला कळत असेल. त्या तारेवरच दिवे नीट लागत होते, म्हणजे तसंच ठेवायचं असेल. मला काय कळतंय त्यातलं? मला कोणी शिकवलं नाही. मला नुसतं मोजायला शिकवलं. बशी तू पालथी घातली नाहीस तेव्हा विचारणार होते, तर म्हणालीस उशीर होतोय."

"मग काचा–"

"वास आला तर कळावं म्हणून. सगळा रस्ता वास घेत आले. अण्णांचा पट्टासुद्धा लावला नाही. पटकन ओढून बाहेर काढता यावं." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "एकटीला ओढता आले असते का, ते माहीत नाही."

तेव्हा मला दिसलं की ताई माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यायत. मी अर्धा तास घाबरले होते. त्या दुकानातून निघाल्यापासून घाबरलेल्या होत्या, स्टिअरिंग धरून, बापाला शेजारी बसवून, मागे वळावं की नको करत. का, तर मी ओरडेन म्हणून. साठी उलटलेली बाई, ट्रकवाल्याला अर्धा तास फैलावर घेणारी, ती माझ्या तोंडाला घाबरून गप्प बसली होती. रस्ताभर मी धूर शोधत आले. शोधायला पाहिजे होतं ते माझ्याच घशात होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"रडतेस काय," ताई म्हणाल्या आणि त्यांनाही आलं.

दूर शिट्टी झाली. आगगाडी धडधडत गेली, माझ्या पायाखालची जमीन हलली, आणि फाटकाची घंटा वाजायला लागली. पुढच्या गाड्यांची इंजिनं सुरू झाली. मी खिशातून फ्यूज काढला आणि ताईंच्या तळहातावर ठेवला.

"तुम्ही बसवा."

"मला नाही येत."

"सरळ दाबायचा. त्याला उलटं-सुलटं नसतं. कसाही घाला."

"बिघडलं म्हणजे?"

"मी आहे ना इथे."

फाटक वर गेलं. आमच्या पुढच्या पाच गाड्या निघून गेल्या. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. त्याच्या मागच्यांनीही धरला. मी वळून त्याच्याकडे बघितलं, आणि माझा तो चेहरा बघून त्यानं हात काढला. तेवढ्यापुरता माझा स्वभाव उपयोगी पडला.

ताईंनी पदर खोचला, वाकल्या, दोन बोटांत फ्यूज धरून डबीत ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. अर्धा गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात मागे बांधून उभी राहिले. त्यांनी पुन्हा दाबला, ओठ मिटून, सगळा जीव अंगठ्यात आणून. तो बसला. झाकणही त्यांनीच लावलं.

"आता म्हणा," मी म्हटलं.

"काय?"

"आकडा. मोठ्यानं."

ताईंनी आजूबाजूला बघितलं. लोक बघत होते. तेवढ्यात खिडकीतून अण्णांचा हात बाहेर आला आणि त्यांनी दारावर दोनदा थाप मारली.

"काय चाललंय तुमचं? बशी पालथी घातली का?"

"आठ!" ताई त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडल्या. "आठ, अण्णा!"

मग मी बॉनेट लावलं.